हैबतीनानांचे बारा ओंडके

सबनीसांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्याला निसर्गसौंदर्य कारण नव्हतं. आमच्या स्वीडिश मशालीनं गेल्या वीस मिनिटांत ज्वाळा सोडून बाकी सगळं दिलं होतं. पिवळा धूर दिला होता, कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा आवाज दिला होता, आणि आता लाकडाच्या चिरांतून पांढरा फेस येत होता.

"स्वीडनमध्ये असंच असतं का?" सबनीसांनी रुमालातून विचारलं.

"सुरुवातीला असतंय, सर," दिगंबर म्हणाला. दिगंबर स्वीडनला गेलेला नव्हता. तो तालुक्याबाहेरही फक्त एकदा, जेजुरीला गेला होता.

दिगंबर शिळीमकर म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. भोरच्या पलीकडे, धरणाच्या फुगवट्याला लागून त्यांचं आडवली नावाचं गाव आहे, आणि त्या वर्षी मी तिथे राहत होतो. सासुरवाडीत राहणाऱ्या जावयाला मराठीत जे म्हणतात ते गावात कुणी तोंडावर म्हणत नसे, एवढी माणसं सुसंस्कृत होती. त्याआधी मी कॉलेजात तासिका तत्त्वावर तर्कशास्त्र शिकवायचो. तर्कशास्त्राला विद्यार्थी येईनासे झाले, हे त्यांच्या दृष्टीनं तर्काला धरूनच होतं.

स्वीडिश मशालीची कल्पना दिगंबरला मोबाइलवर सापडली. अडीच फुटांचा ओंडका उभा ठेवायचा आणि कटर मशीननं वरून खाली उभ्या आडव्या चिरा द्यायच्या, पण बुडाला वीतभर लाकूड शाबूत ठेवायचं. ज्याला भरली वांगी चिरता येतात त्याला हे जमतं. मधे काटक्या खुपसून पेटवलं की हवा चिरांतून वर ओढली जाते आणि ओंडका आतून जळत राहतो. दोन-अडीच तास. वर चहाचं भांडंही ठेवता येतं. बर्फात अडकलेल्या लोकांनी जीव वाचवायला शोधलेली ही युक्ती आम्ही पुण्याहून गाडीनं येणाऱ्या लोकांना विकणार होतो, ज्यांचा जीव कुठल्याही प्रकारे धोक्यात नव्हता.

धरणाच्या काठी सबनीसांचा तंबूंचा रिसॉर्ट होता. अठरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर त्यांना निसर्ग सापडला होता आणि त्यांनी त्याला लगेच कुंपण घातलं होतं. तंबूत एसी होता. ते दिवसातून चाळीस वेळा 'ऑथेंटिक' म्हणायचे.

त्या दिवशी डोळे पुसून झाल्यावर ते म्हणाले की शनिवारी मुंबईहून एक बाई येणार आहेत, मोठमोठ्या लग्नांचे सोहळे ठरवणाऱ्या. त्यांच्यासमोर बारा मशाली पेटल्या तर पूर्ण सीझनचं काम आमचं. नाही पेटल्या तर स्वतः सबनीसांकडे एक दुसरा माणूस आहे, जो चिनी कंदील देतो.

घरी येताना दिगंबर गप्प होता. मला मात्र बोलावंसं वाटत होतं, कारण मला कारण कळलं होतं. सुबाभूळ. बांधावरची सुबाभूळ पंधरा दिवसांपूर्वी पाडलेली आणि आम्ही ती आता पेटवत होतो.

"दाजी, हे मला पहिल्यापासनं माहीत हाय," दिगंबर म्हणाला. "ओलं लाकूड जळत न्हाई हे बारक्या पोराला पण माहीत असतंय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं स्वीडिश पद्धतीनं जळत असंल."

म्हणजे तीन दिवसांत बारा जाड, खडखडीत वाळलेले ओंडके हवे होते. आडवलीत घरोघरी गॅस आला होता. लोकांकडे काटक्या होत्या, तुराट्या होत्या, मोडक्या बाजेचे पाय होते. जाड वाळलेलं लाकूड गावात एकाच ठिकाणी होतं, आणि ते कशासाठी आहे हे गावातल्या सगळ्यांना माहीत होतं.

हैबतीनाना कोंढाळकर तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. त्यांची बायको ठकूबाई काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात गेली. लाकडं भिजलेली, सरण पेटलं नाही. दिगंबर हे सांगताना हसला नव्हता, पण पुढचं सांगताना हसला: त्यानंतर नानांनी वादळात पडलेलं स्वतःचं जांभळीचं झाड कापून बावीस ओंडके केले, गोठ्यामागे पत्र्याची शेड उभी केली आणि त्यात ते रचून ठेवले. स्वतःसाठी. लोक पोरांच्या शिक्षणाची तरतूद करतात तशी नानांनी स्वतःच्या जळण्याची केली होती. दर अवसेला ते ओंडके खालवर करायचे, वाळवी बघायचे. संध्याकाळी त्याच ढिगावर बसून चहा प्यायचे.

मला हे भयंकर गमतीचं वाटलं. मेल्यावर आपलं काय होतं हे आपल्याला कळणार नाही, हे मी सात वर्षं वर्गात सिद्ध करून दाखवलेलं होतं, आणि परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्नही येई.

आम्ही आधी रीतसर विचारायला गेलो. मी समजावून सांगितलं की आम्ही दुप्पट लाकूड देऊ, पुढच्या वर्षी देऊ, लिहून देऊ. नाना ओंडक्यांवर बसून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी बशीतला चहा संपवला.

"जावईबापू, पुढल्या वर्षाचं मला सांगू नगा," ते म्हणाले. "आनि तुमी सांगताय त्ये कशापाई? तर लोकांनी शेकायचं. त्यास्नी घोंगड्या द्या की."

शुक्रवारी नाना डोळ्यांच्या तपासणीला भोरला गेले. सकाळच्या एसटीनं गेले की माणूस संध्याकाळशिवाय परतत नाही.

चोरी हा शब्द दिगंबरनं वापरला नाही आणि मीही नाही. अदलाबदल म्हणत होतो. बारा ओंडके काढायचे, त्याच मापाचे बारा सुबाभळीचे आत सारायचे, जांभळीचे उरलेले दहा दर्शनी बाजूला लावायचे. सुबाभूळ वर्षा-दीड वर्षात वाळणार. तोवर नाना कुठे जाताहेत? आम्ही त्या दिवशी एका म्हाताऱ्याच्या तब्येतीचा जेवढ्या आपुलकीनं विचार केला तेवढा त्याच्या पोरांनी केला नसेल.

"बीपी न्हाई," दिगंबर ट्रॅक्टरमध्ये ओंडका टाकत म्हणाला. "शुगर न्हाई. त्यांचा बाप पंच्याण्णवला गेला."

"म्हणजे सोळा वर्षं," मी म्हणालो. अनुमान हा माझा विषय.

फक्त एक अडचण होती. ताज्या लाकडाची कापलेली तोंडं पिवळीधमक दिसत होती. यावर उपाय मी काढला. गोठ्यामागची माती पाण्यात कालवून मी बाराच्या बारा ओंडक्यांच्या चोवीस तोंडांना फासली आणि वरून राख चोळली. अर्धा तास उकिडवा बसून. मी एम.ए.ला विद्यापीठात तिसरा आलो होतो. दिगंबर बाजूला उभा राहून बिडी ओढत होता आणि मधून मधून म्हणत होता की दाजी, तुमचा हात लई चांगला चालतोय.

शनिवारी दिवस मावळता मावळता आम्ही रिसॉर्टच्या हिरवळीवर बारा ओंडके अर्धगोलात उभे केले. दोन्हीकडून थोडं तासून सपाट केलेले, निघालेल्या ढलप्या चिरांत खोचलेल्या. जांभळीचं लाकूड कटरखाली असं कापलं जात होतं की भुसा पिठासारखा उडत होता. मुंबईच्या बाई आल्या. त्यांच्यासोबत दोन फोटो काढणारे होते. तंबूंतले पाहुणे शाली पांघरून जमले. त्यांत नुकताच ध्यानधारणेचा कोर्स केलेलं एक जोडपं होतं, जे सगळ्यांकडे क्षमाशील नजरेनं बघत होतं.

दिगंबरनं पहिली मशाल पेटवली. एक काडी. ढलपी धरली, चीर धरली, आणि बघता बघता ओंडक्याच्या पोटातून ज्योत अशी सरळ वर आली की जणू इतकी वर्षं आतच होती. धूर नाही. लोक 'वॉव' म्हणाले. आपल्या लोकांना आग बघून 'वॉव' म्हणायला शिकवणारी शिक्षणपद्धती कुठली, याचा मी विचार करत होतो. पण मला आनंद झाला होता हे कबूल केलं पाहिजे. बारा मशाली जळत होत्या, पाण्यात त्यांची बारा प्रतिबिंबं जळत होती, आणि सबनीस त्या बाईंना सांगत होते की लाकूड पूर्णपणे स्थानिक आहे, गावातल्या एका जुन्या परंपरेतून मिळवलेलं.

तेवढ्यात फाटकाकडून काठीचा आवाज आला.

धोतर, टोपी, खांद्यावर घोंगडी. हैबतीनाना हिरवळीवरून अजिबात घाई न करता चालत येत होते. दिगंबर माझ्या मागे सरकला. मला त्याचा राग येण्याआधी लक्षात आलं की मीही मागे सरकतोय, म्हणून तो अजून मागे जातोय.

आता काय होणार ते मला अगदी क्रमानं दिसत होतं. म्हातारा ओरडणार. हे माझं सरण आहे असं चारचौघांत म्हणणार. बाई शाल आवरणार. सीझनभराचं काम चिनी कंदिलाला जाणार, आणि मी उरलेलं आयुष्य सासऱ्यांच्या ओसरीवर पेपर वाचत काढणार.

सबनीसांनी नानांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, हे आधी सांगायचं ना," ते माझ्या कानात कुजबुजले. "परफेक्ट टच आहे. धोतर आणायचं कुणाला सुचलं?"

दोन्ही फोटोवाले नानांकडे धावले. मुंबईच्या बाई स्वतः पुढे झाल्या, त्यांनी नमस्कार केला आणि मोठ्या आवाजात, जणू नाना धरणाच्या पलीकडच्या काठावर आहेत अशा थाटात विचारलं, "आजोबा, तुमच्या गावात पूर्वीपासून लाकूड असंच जाळतात का?"

नानांनी बाराही मशालींवरून नजर फिरवली. मग माझ्यावरून.

"असंच," ते म्हणाले. "फकस्त उभं न्हाई. आडवं."

"ओह! आणि कुठल्या सणाला?"

"सन न्हाई, बाई. ज्याचा त्याचा दीस असतोय."

बाईंनी हे वाक्य फोनमध्ये टिपून घेतलं. पुढच्या महिन्यात ते त्यांच्या जाहिरातीत मी वाचलं, एका नवरानवरीच्या फोटोखाली.

सबनीसांनी नानांसाठी खुर्ची मागवली, आणि नाना पहिल्या मशालीसमोर बसले. पाहुणे त्यांच्या शेजारी उभे राहून एकेक फोटो काढत होते. नानांनी कुणालाही नाही म्हटलं नाही. ते कॅमेऱ्याकडे मात्र एकदाही बघत नव्हते. लाकडाकडे बघत होते. अर्ध्या तासानं पाहुण्यांना तंदुरी चिकनचा वास आला आणि ऑथेंटिक अनुभव सोडून सगळे तिकडे गेले. सबनीस जाताना माझा हात दाबून म्हणाले, काम तुमचं. दर शनिवारी चाळीस.

ज्या शब्दांसाठी मी तीन रात्री झोपलो नव्हतो ते हे शब्द. मी "थँक यू सर" म्हणालो आणि खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिलो. दिगंबर कटर मशीन पुसत बसला. ते स्वच्छ होतं.

"बसल्यावर गार लागलं," नाना मागे न बघता म्हणाले. "तवाच कळलं. वाळल्यालं लाकूड गार लागत न्हाई."

त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी घेतली.

"चिखल कुनी फासला?"

"मी."

"वाटलंच. दिगूला येवढी सफाई न्हाई. बायामानसं चूल सारवत्यात तसं सारवलंय." मग म्हणाले, "लई शिकल्याला मानूस."

मी पैशांचं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवला आणि विचारलं, "काड्या किती लागल्या?"

"एकेकच."

"राकेल?"

"नाही. थेंबभरही नाही."

त्यांनी काठीच्या टोकानं मशालीच्या बुडाशी पडलेला निखारा उकरला, लाल पाहिला, परत झाकला.

"तिच्या येळंला पाच लिटर राकेल वतलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज गुराच्या किमतीबद्दल बोलावं इतका साधा होता. "वतलं की भडकायचं, थांबलं की इझायचं. पाऊस लागलाच व्हता. मानसं एकेक करून गेली, त्यास्नी बी कामं असत्यात. मी ऱ्हायलो. दुसऱ्या दिसाला दुपारपतुर. काठी घिऊन कुत्री हाकलत बसलो."

तंबूंच्या बाजूनं कुणीतरी गिटार वाजवायला लागलं. वाईट वाजवत होतं.

"म्हनून ही जांभळ ठिवली. पर जिवाला घोर व्हता. पत्र्याखाली दिसाया चांगली दिसती, पर आतनं कशी हाय? मेल्याबिगर कळायचं न्हाई, आनि कळंल तवा मी नसनार." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. "आता बघितली. ब्येस जळती."

त्यांनी हे माझे आभार मानायला म्हटलं असतं तर मी जमिनीत गेलो असतो. पण तसं काही त्यांच्या मनात नव्हतं. ते माझ्याकडे, तुम्ही एखाद्या भाड्यानं आणलेल्या बैलाकडे बघता तसे बघत होते: अक्कल बेताची, पण अंगात ताकद आहे.

"सुबाभूळ लबाड लाकूड हाय," ते म्हणाले. "आतल्या आत किडतं. रचलंय पन येड्यावानी, वारं जायला फट न्हाई. म्हयन्याला फिरवाया पायजे. माझ्यानं आता त्ये वलं धूड उचलत न्हाई. तुमी येयाचं. अवसेच्या अवसेला."

"किती दिवस?"

"मी मरंस्तवर," नाना म्हणाले. "तुमी हिशोब केलाच आसंल की."

मग ते उठले नाहीत. बाराही ओंडके बुडापर्यंत जळेस्तोवर बसून राहिले, आणि मी खुर्चीमागे उभा राहिलो. एकेक मशाल खचून पडली की ते हुं म्हणायचे. बाराव्यांदा हुं म्हणून झाल्यावर काठी घेऊन निघून गेले. सबनीसांना, गावाला, माझ्या सासऱ्यांना, कुणालाच ते या विषयावर कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला शिव्या बसल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं.

दर शनिवारी चाळीस मशाली देण्याचा आमचा धंदा तीन शनिवार चालला. वखारीतून आणलेलं लाकूड फक्त वखारवाल्याच्या तोंडापुरतं वाळलेलं होतं. दुसऱ्या शनिवारी एका नवरीच्या शालूला धुराचा वास लागला, तिसऱ्या शनिवारी नवरीच्या आईला खोकल्याची उबळ आली. सबनीसांनी बॅटरीवर हलणाऱ्या प्लास्टिकच्या ज्योती मागवल्या. त्या फार ऑथेंटिक दिसतात. दिगंबरनं कटर मशीन विकलं आणि मोबाइलवर दुसरं काहीतरी शोधलं, ज्यात शहामृग होते.

मी अवसेला जात राहिलो. पहिल्या काही वेळा म्हातारा तक्रार करेल या भीतीनं गेलो, असं मी स्वतःला सांगत होतो. नाना बाजेवर बसून हुकूम सोडायचे: हा खाली घ्या, तो उन्हाकडं करा, ठोका, आवाज ऐका, ऐकला का, अजून भद्द वाजतंय. मी दोन ओंडके एकमेकांवर आपटायचो. पहिल्या पावसाळ्यानंतर भद्द वाजायचे, दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांचा आवाज बदलला. मला आनंद झाला तो चेहऱ्यावर दिसला असावा, कारण नाना म्हणाले, "नाचू नगा. अजून दहा हायती." त्यांनी मला कधी चहा दिला नाही असं नाही, पण कप नेहमी बिनकानाचा असायचा. पुढे मला तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. त्या दिवशी अवस होती म्हणून मी हजर व्हायला एक दिवस उशीर केला आणि प्राचार्यांना पोट बिघडल्याचं सांगितलं.

नाना साडेपाच वर्षं जगले. सोळा नव्हे, माझ्या अनुमानाची तेवढी लायकी होती. आषाढात गेले, सलग चार दिवस पाऊस लागलेला असताना. त्यांची पोरं मुंबईहून आली, सुना आल्या, आणि शेडवरचा पत्रा उचलल्यावर लोक आत बघून हळहळले, की जांभळीचं कुठंय सगळं, यात तर सुबाभूळ दिसतेय, ही कुठली जळायला. थोरला मुलगा राकेल किती लागेल ते विचारू लागला. मी म्हणालो, राकेल नको. मला कुणी विचारलेलं नव्हतं. एक जण म्हणालाही की जावई कशाला मधे बोलतोय.

रचलं मीच. स्मशानातल्या निवाऱ्याला बाजूंनी भिंती नव्हत्या, तिरका पाऊस आत येत होता, आणि मी वाऱ्याला फटी ठेवत ओंडक्यावर ओंडका ठेवत गेलो. मुलानं पायाशी अग्नी लावला. मी श्वास धरून उभा होतो. मेल्यावर माणसाला काही कळत नाही हे मला त्या क्षणीही मुद्देसूद सांगता आलं असतं. मग सुबाभूळ तडतडली आणि खालून वरपर्यंत एकदम पेटली. माणसं उष्णतेनं दोन पावलं मागे सरली. तासाभरात लोक घरी गेले, कारण थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी थांबलो. कुत्री आली नाहीत.

नाना शेवटी इतके वाळले होते की बावीस लागलेच नाहीत. तीन ओंडके शेडमध्येच राहून गेले. दहाव्याच्या दिवशी थोरला मुलगा म्हणाला की शेड मोडायचीय, हे कुणी नेत असेल तर न्या. कुणी हात लावेना. मी ते मोटारसायकलवर तीन खेपा करून घरी आणले आणि मागच्या भिंतीला पत्र्याखाली लावून ठेवले.

बायकोनं विचारलं, हे कशाला.

मी म्हणालो, असू दे, पावसाळ्यात चुलीला होतील.

आमच्याकडे चूल नाही. ती ओंडक्यांकडे बघत थोडा वेळ उभी राहिली, आणि मग म्हणाली, "तीननं काय होतंय?"